मी कोणाची आजी?

मला कुत्र्यांचं फारसं प्रेम नाही. मांजरांचं तर त्याहून नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो तमाशा झाला तो या एका गोष्टीवर पांघरूण घालायच्या नादात झाला.

मी एक्कावन्न वर्षांची आहे. तेवीस वर्षं बॅगांच्या कारखान्यात मशीनवर बसले. आधी शाळेची दप्तरं, मग प्रवासाच्या बॅगा. त्यातही माझं काम पट्ट्यांचं. बॅग कापडात फाटत नाही, पट्टा जिथे जोडलेला असतो तिथे फाटते. त्या चार बोटं जागेवर सगळं वजन येतं. ती चार बोटं माझी होती. कारखाना बंद झाला आणि मालकानं मशिनी विकायला काढल्या, तेव्हा मी माझी मशीन घरी घेऊन आले. आमच्या ह्यांचं किल्ल्या बनवायचं छोटं दुकान आहे. त्यांनी मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी बसवून दिली आणि म्हणाले, "आता हिच्यावर काय शिवणार?" मी म्हटलं, "बघू."

आमच्या वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड मास्तर राहतात. त्यांच्याकडे ढब्बू नावाचा कुत्रा आहे. त्याचं पोटाचं ऑपरेशन झालं. टाके चाटू नयेत म्हणून त्याच्या गळ्यात प्लास्टिकचं एक मोठं नरसाळं अडकवलं होतं. ते नरसाळं जिन्याच्या कठड्याला, दाराला, भिंतीला धाडधाड आपटायचं. दिवसभर आमच्या डोक्यावर तोच कार्यक्रम. चौथ्या दिवशी मास्तर दारात येऊन उभे राहिले. "बाई, तुम्ही शिवता ना? ह्याच्यासाठी अंगावर घालायला काही होईल का? तो खातही नाही हो त्या नरसाळ्यात."

दया आली म्हणून नाही, त्या आवाजाला वैतागून मी हो म्हटलं.

पहिला कपडा त्यानं तासाभरात फाडून खाल्ला. दुसरा मागे घसरला आणि ओला झाला. तेव्हा मला चीड आली. तेवीस वर्षं माणसांची ओझी सांभाळणारे पट्टे शिवले आणि एका कुत्र्याचा कपडा मला जमत नाही? मी टेप घेऊन वर गेले, ढब्बूला बॅगेसारखं आडवंउभं मोजलं, वर्तमानपत्रावर माप उतरवलं. बनियनचं मऊ कापड घेतलं. टिचबटणं पाठीवर लावली, जिथे त्याचं तोंड पोचत नाही. मागचा भाग उंच कापला. आणि सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवल्या. तो कपडा ढब्बूनं अकरा दिवस घातला. टाके काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि मास्तरांना विचारलं, "हे कोणी शिवलं? शिवण बाहेर का ठेवलीय?"

मास्तरांनी मला फोन लावून दिला. मी म्हटलं, "जखमेला घासू नये म्हणून."

"मला असे दहा हवेत," त्या म्हणाल्या.

असं सुरू झालं. दहाचे तीस झाले, तिसाचे साठ. कारखान्यात माझ्याबरोबर कटिंग करणारी एक मैत्रीण होती. तिला सगळे ठेंगणी म्हणायचे, कारण कटिंगच्या टेबलापाशी ती पाटावर उभी राहायची. तिला मी बोलावून घेतलं. कापड ती कापायची, मी शिवायची. दीड वर्षात आमची सात मापं झाली. मांजरांची वेगळी, पाय कापलेल्या कुत्र्यांची वेगळी. म्हाताऱ्या कुत्र्यांना मागून उचलून चालवायचे पट्टेही मी करायला लागले. पट्टे म्हणजे माझं घरचंच काम. नाव असं काही नव्हतं. दवाखान्यातली मुलगी फोनवर म्हणायची, "ताई, मधल्या मापाची आठ झबली पाठवा." लहान बाळाचं असतं ना, तसंच दिसायचं ते. झबलं. तेच आमचं नाव.

मग आमच्या जावयानं त्यात लक्ष घातलं.

जावई वाईट नाही. फरशांच्या कंपनीत सेल्समध्ये आहे, बोलायला गोड आहे, लेकीला जपतो. पण त्याला दुसऱ्याची वस्तू दिसली की ती कशी विकायची याचे विचार सुटतात. एका रविवारी दुपारी ती दोघं आली. जावयानं लॅपटॉप उघडून मशीनच्या टेबलावर ठेवला, माझ्या अर्ध्या शिवलेल्या कपड्यांवर.

"आई, मोठी बातमी आहे. पाळीव प्राण्यांच्या सामानाचं ते मोठं दुकान उघडतंय ना, काचेचं? त्यांच्या मॅनेजरशी बोललो मी. ते तुमचा माल ठेवायला तयार आहेत. फक्त नाव पाहिजे."

"झबलं," मी म्हटलं.

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "आई, झबलं काय! आपला ग्राहक म्हणजे पेट पेरेंट असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे कुत्र्याचे आईवडील."

"कुत्र्याचे आईवडील कुत्रेच असतात," मी म्हटलं.

आमचे हे खोकले. ह्यांना हसू आलं की खोकला येतो.

जावयाची चौदा नावांची यादी होती. फरी हग्ज. पॉश पॉज. रॉयल टेल. आणखी कायकाय. एकेक नाव तो मोठ्यानं वाचायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. मी विचारलं, "यातल्या एका तरी नावावरून कळतं का, आत काय आहे ते? हग्ज म्हणजे मिठ्या ना? मी मिठ्या शिवते का?" त्यानं यादी बंद केली, थोडा विचार केला आणि मग त्याचा चेहरा असा उजळला की मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

"ठीक आहे. झबलं राहू द्या. तुमचं नाव ठेवू. फक्त पुढे एक शब्द. आज्जीचं झबलं!"

लेक पाणी आणायला म्हणून उठून आत गेली.

"कोणाची आजी?" मी म्हटलं.

"म्हणजे तुम्ही."

"मी कोणाची आजी?"

"अहो आई, तसं नाही. लोकांना एक गोष्ट लागते. घरात बसलेली आजी, सुईदोरा, माया..."

"मला कुत्र्यांची माया नाही. मला नीट शिवता येतं. त्याची गोष्ट सांगा ना लोकांना."

"शिवता तर सगळ्यांनाच येतं, आई."

हे वाक्य तो सहज बोलून गेला. मी लॅपटॉप उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि खालचे कपडे झटकले. "नाव आज्जीबिज्जी काही नको. झबलं हवं तर झबलं, नाहीतर काहीच नको." हे मध्ये पडले, म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे." ह्यांचं हे नेहमीचंच. गिऱ्हाइकाची किल्ली लागली नाही तरी हे म्हणतील, किल्लीचंही बरोबर आहे आणि कुलपाचंही. जावई म्हणाला, "बरं, बघतो मी." मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या महिन्यात दुकान उघडायचा दिवस आला. आम्ही साठ झबली आणि वीस पट्टे आदल्या आठवड्यातच जावयाकडे दिले होते. मी चांगला ड्रेस घातला, केस काळेभोर नसले तरी नीट विंचरले, ठेंगणीला घेतलं आणि सकाळी अकरा वाजता गेले. काचेचं दार आपोआप उघडलं. आत गारेगार. एका भिंतीवर नुसती बिस्किटं, माणसांच्या दुकानात नसतील इतकी. कुत्रे साखळीला, माणसं फोनला लटकलेली. आणि समोरच, दारातून दिसेल अशी, माझ्याएवढी मोठी कापडी पाटी.

पाटीवर एक म्हातारी होती. पांढरेशुभ्र केस, नाकावर ओघळलेला चष्मा, गालांवर सुरकुत्या. मशीनवर वाकून बसलेली. मी दोन पावलं पुढे गेले आणि मग मला ती मशीन ओळखू आली. खिडकी ओळखू आली. लेकीच्या वाढदिवसाला जावयानं मी दोरा ओवत असताना फोटो काढला होता, तो हा. माझे केस कॉम्प्युटरवर पांढरे केले होते. माझ्या गालांवर वीसेक वर्षांच्या सुरकुत्या ओढल्या होत्या. हातांवर शिरा काढल्या होत्या. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "आज्जीचं झबलं". आणि खाली, "शिकलेली नाही, पण मायेनं शिवते!"

ठेंगणी माझ्या कोपराला धरून म्हणाली, "अगं, ही तू आहेस?"

केसांचं एक वेळ ठीक. पण शिकलेली नाही? मी सव्वीस वर्षांची असताना पहिल्या सहा महिन्यांत त्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिरानं माझ्याकडून एकच टीप घालून घेतली होती. सरळ जायचं, वळायचं, परत यायचं. वाकडी गेली की उसव. उसवून बोटं सोलवटायची. त्यानंतर कुठे मला पट्टा हातात मिळाला. ते शिक्षण नव्हतं तर काय होतं? कागदावर शिक्का नाही म्हणून ते शिकणं नाही आणि जावयाच्या डोक्यात आलं म्हणून ती माया!

जावई धावत आला. खुशीत होता. "आई, आवडलं? सरप्राइज! सकाळपासून सगळे तुमच्याबरोबर फोटो काढायला थांबलेत." लेक पाटीकडे पाठ करून खोकी उघडत होती. तिनं मान वर केली नाही.

मी काही बोलायच्या आत एक बाई तिच्या कुत्रीला घेऊन पुढे आली. कुत्रीचं ऑपरेशन परवा होतं. ती बाई खरंच काळजीत होती. तिनं झबलं हातात घेऊन ताणून पाहिलं आणि मला विचारलं, "ही फार ओढते हो. शिवण टिकेल का?"

इतका चांगला प्रश्न मला दीड वर्षात डॉक्टरीणबाईंखेरीज कोणी विचारला नव्हता. मी म्हणणार होते की खांद्यापाशी दोनदा टीप घातलीय, ओढली तर आधी बटण सुटेल, कापड फाटणार नाही. पण माझं तोंड उघडायच्या आत मॅनेजर मध्ये आला. तिशीतला, चकाचक, छातीवर नावाचा बिल्ला. तो म्हणाला, "अहो मॅडम, टिकेल म्हणजे काय! आज्जीनं प्रेमानं शिवलंय!" आणि माझ्याकडे वळून जरा मोठ्यानं, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं म्हणाला, "हो ना आज्जी? बसा तुम्ही, बसा. खुर्ची आणा रे."

मी त्या बाईच्या हातातलं झबलं घेतलं, तिला बटण दाखवायला. तेव्हा बोटाला काहीतरी टोचलं. प्रत्येक झबल्याला पुठ्ठ्याचं लेबल लावलं होतं, त्या म्हातारीच्या चित्राचं. ते लेबल सेफ्टी पिनेनं टाचलेलं होतं. पोटाच्या बाजूला. नेमकं जिथे टाके येतात तिथे.

माझ्या आजवरच्या आयुष्यात मी चार माणसांत आवाज चढवलेला नाही. कारखान्यात सुपरवायझरशी भांडण झालं तरी बाहेर जाऊन भांडले. पण त्या दिवशी मी ओरडले. "पिन कोणी लावली? ऑपरेशन झालेल्या जनावराच्या कपड्याला पिन कोणी लावली?"

सगळं दुकान माझ्याकडे वळलं. दोन कुत्रे भुंकले.

"आई, लेबल नंतर काढायचंच असतं," जावई हळूच म्हणाला.

"आणि नाही काढलं तर? गिळली पिन तर? डॉक्टरीणबाई परत पोट फाडणार आणि वर तुम्ही काय सांगणार, आज्जीची माया होती म्हणून?"

"मॅडम, प्लीज, आत ऑफिसमध्ये बोलू," मॅनेजर म्हणाला. मघाची आज्जी एका मिनिटात मॅडम झाली, हे माझ्या लक्षात आलं.

"ऑफिसमध्ये कशाला? पाटी बाहेर लावलीय ना? मग इथेच बोलू. हा फोटो माझा आहे. माझे केस असे नाहीत, बघा. मी एक्कावन्न वर्षांची आहे. आणि मी शिकलेली आहे. तेवीस वर्षं शिकलेय. हे मायेनं शिवलेलं नाही, नीट शिवलेलं आहे. मायेनं शिवलेलं तुमच्या घरी असेल, ते पहिल्या धुण्यात उसवतं."

मी त्यानं आणवलेल्या खुर्चीवर चढले. ठेंगणीनं खुर्ची धरली. पाटीच्या वरच्या दोन कड्या काढल्या तशी ती म्हातारी कमरेत वाकली आणि खाली आली. मग आम्ही दोघींनी सगळी झबली आणि पट्टे परत खोक्यात भरले. मॅनेजर म्हणत होता, असं करता येत नाही, ठरलेलं आहे. मी विचारलं, "माझी कुठे सही आहे? दाखवा." नव्हती. सही जावयाचीही नव्हती, नुसतं तोंडी गोडगोड होतं. त्या काळजीतल्या बाईला मी एक झबलं तिथेच दिलं, पिन काढून, आणि बटण कसं लावायचं ते तिच्या कुत्रीवर करून दाखवलं. कुत्रीनं माझा हात चाटला. मी तो ड्रेसला पुसला.

घरी आल्यावर हे म्हणाले, "जरा सांभाळून घ्यायला हवं होतंस. चार लोकांत जावयाचं तोंड काळं झालं."

"आणि माझे केस पांढरे झाले त्याचं काय?"

हे खोकले नाहीत. त्यांनाही बहुतेक मनातून राग आला होता, पण ह्यांचा राग बाहेर यायला किल्ली लागते.

आठ दिवस लेकीचा फोन आला नाही. मीही केला नाही. रोज वाटायचं, करावा. आणि रोज ती पाटी डोळ्यांपुढे यायची आणि हात मागे यायचा. नवव्या दिवशी मी ठेंगणीला म्हटलं, "चल, नाव नोंदवून येऊ. नाहीतर उद्या कोणीतरी आज्जी आपल्या डोक्यावर बसेल."

नोंदणीच्या कचेरीत तीन खिडक्या होत्या आणि एकच उघडी होती. आत एक जाड भिंगांचा चष्मा लावलेली कारकून बाई. आमचा नंबर यायला दीड तास गेला. तिनं फॉर्म वाचला आणि परत सरकवला. "झबलं चालणार नाही."

"का?"

"झबलं हे वस्तूचं नाव आहे. उद्या कोणी चप्पल असं नाव मागेल. मग बाकीच्यांनी काय विकायचं?"

मी भांडायच्या तयारीतच गेले होते. तोंड उघडलंही. पण तिचं म्हणणं बरोबर होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. माझ्या एकटीचं असं नाव मला हवं होतं आणि मी सगळ्यांचं नाव घेऊन आले होते.

"दुसरं नाव लिहा," ती म्हणाली. "बाजूच्या बाकावर बसा. परत रांग लावू नका, सरळ या." तेवढी भली होती.

आम्ही बाकावर बसलो. ठेंगणीनं फॉर्म मांडीवर घेतला. "ढब्बू ठेवायचं का?"

"कुत्र्याचं नाव नको. मास्तर म्हणतील, हिस्सा द्या."

"सात मापं?"

"उद्या आठवं केलं तर?"

"मग तुझं नाव ठेव आणि मोकळी हो."

"आणि तू कापतेस ते? तुझं कुठे जाईल?"

ती फॉर्मची कड बोटानं सरळ करत म्हणाली, "तुला आठवतं, त्या सुपरवायझरनं एकदा सांगितलं होतं, माल आजच जायचाय, पट्ट्यांना कच्चा टाका घालून सोडून द्या? सगळ्यांनी सोडले. तू नाही सोडलेस. रात्रपाळीच्या बायका येईपर्यंत बसलीस आणि पक्का घालून दिलास. मला तुझा इतका राग आला होता, माझी बस गेली तुझ्यापायी."

"कच्च्या टाक्याचा पट्टा सुटला असता तर कोणाच्या पायावर पडली असती बॅग."

"तेच म्हणते मी. तुला पक्क्याशिवाय जमतच नाही."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मी तिच्याकडून पेन घेतलं आणि लिहिलं, "पक्का टाका".

कारकून बाईनं ते वाचून विचारलं, "धंदा काय म्हणालात?"

"ऑपरेशन झालेल्या जनावरांचे कपडे."

"मग टाका कोणाचा? डॉक्टरचा की तुमचा?"

"डॉक्टरचा टाका पक्का होईपर्यंत आमचा टिकतो," ठेंगणी म्हणाली. पाटाशिवाय तिचं डोकं जेमतेम खिडकीशी पोचत होतं, पण आवाज पोचला. कारकून बाईनं कॉम्प्युटरवर शोधलं. हे नाव कोणाचंही नव्हतं. तिनं शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक आली. एकटीच. कामावरून सुट्टी घेऊन आली होती. मी मशीन थांबवली नाही. ती बाजूला बसून नाड्या उलटवायला लागली. शेवटी मीच म्हटलं, "नवऱ्याची बाजू मांडायला आली असशील तर चहा पिऊन जा."

"तुला वाटलं, मी त्या पाटीकडे पाठ करून का उभी होते?"

"माझी लाज वाटत असेल."

"आई, मला तो शब्द बघवत नव्हता."

माझा पाय मशीनवरून सुटला.

लेकीच्या लग्नाला सहा वर्षं झाली आहेत. एकदा दिवस गेले होते. चौथ्या महिन्यात सगळं संपलं. तेव्हापासून 'आजी कधी होणार' विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातून परत पाठवायचं काम मीच करत आले आहे. आणि तो शब्द हातभर अक्षरांत भिंतीवर लागला तेव्हा मी माझ्या केसांचं घेऊन बसले होते. मला सुचलंसुद्धा नाही. इतके दिवस जावयावर चिडले होते, आता स्वतःवर चिडले. ते जास्त वाईट असतं, ओरडायला समोर कोणी नसतं.

"त्याला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं, नको म्हणून. का ते नाही सांगितलं. तो म्हणाला, अगं, नुसता एक शब्द आहे. त्याला खरंच कळलं नाही."

"मग मला सांगायचंस!"

"तू आधीच एवढी पेटलेली. तुझ्या रागात माझा राग कुठे मावणार होता?"

मी उठून चहा ठेवला. साखर दोनदा घातली. ती तो गोडमिट्ट चहा प्यायली आणि जाताना दारात म्हणाली, "काल मी त्याला सगळं सांगितलं. तो खूप रडला. तू आता त्याला बोलू नकोस."

जावई रविवारी आला. नेहमी आत येऊन पंख्याखालची खुर्ची पकडतो, त्या दिवशी दारातच उभा. "आई, माझं चुकलं," तो म्हणाला. मग त्याच्यानं राहवेना. "पण बाजाराचं माझं चुकलं नव्हतं हं. ते दुकानवाले ऐकणारे नाहीत. त्यांनी दुसऱ्या कोणाचा तरी माल आणलाय आणि त्याच्यावरही एक आज्जी छापलीय."

"कोण ती?"

"कोणी नाही. चित्र आहे नुसतं."

म्हणजे बघा. आज्जी नसली तरी चालते, पण पाहिजेच. मला त्या न जन्मलेल्या म्हातारीसाठीही राग आला. पण लेकीनं बोलू नको म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे जावयाला एवढंच म्हटलं, "बाजाराचं तुम्ही बघा. माझ्या तोंडावर काय असावं ते मी बघते. बसा आता, दारात उभे राहू नका."

मोठ्या दुकानाचं गेलं ते गेलंच. डॉक्टरीणबाईंनी आणखी दोन दवाखान्यांना सांगितलं, तेवढं काम आम्हा दोघींना पुरून उरतं. शनिवारी जावई खोकी पोचवतो. लेबल आता कापडी आहे, मानेपाशी शिवलेलं, आणि त्यावर फक्त नाव आहे. अक्षरं लेकीनं काढली. गुरुवारी तिला सुट्टी असते, तेव्हा ती येते आणि ठेंगणीच्या शेजारी जुन्या पायमशीनवर बसते. टीप अजून वाकडी जाते तिची. मी उसवायला लावते. ती कुरकुरते, बोटं चोखते, उसवते आणि परत घालते.